रातपाळीचे आबा

"दी हंय. रातपाळी माझी."

दोन्ही हात पुढे, तळवे वर, आणि मान जराशी वाकडी. आबा मला आठवतात ते असे. तोंडात विझलेली विडी असायची. ती पेटवायचे नाहीत, लेकराला धूर लागेल म्हणून. पण टाकायचेही नाहीत.

तुमच्या ओळखीतही असा कोणी असेल. काम सुटलेलं असतं, पण अंगातून वेळ सुटत नाही. माझ्या माहेरी एक पोस्टमन होते, घरी बसल्यावरही दुपारी सायकल काढून गावातून एक चक्कर मारून यायचे. आबांचं तसंच होतं. ते गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. जन्मभर त्यांनी रातपाळी केली. परळला एका खोलीत बरेचजण मिळून राहायचे, रात्री खोलीत पाय पसरायला जागा नसायची. तेव्हा रातपाळी घेतली की दिवसा सुखानं झोपता येतं, हा त्यांचा हिशेब. नंतर भांडुपला वेगळी खोली झाली, बायको गावाहून आली, पण रातपाळी तशीच राहिली. मग संप झाला आणि गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. आबा घरी आले. रात्र काही घरी आली नाही.

सगळी चाळ निजली की आबा ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. नळ टपकतोय का बघायचे. कोणाच्या दाराला बाहेरून चप्पल अडकली असेल तर सरळ करायचे. नव्यानं आले तेव्हा मी त्यांना फार भ्यायची. पत्र्यावर त्यांची सावली पडायची आणि मी यांना हलवायची, "अहो, कोणीतरी फिरतंय." हे कूस बदलून म्हणायचे, "आबा असतील. झोप."

मी यवतमाळकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि एकदम भांडुपची टेकडी. चाळीत सगळी कोकणातली माणसं. माका, तुका, खंय, कित्याक. पहिले काही महिने मी नुसती हसून मान हलवायची. मी "हो जी" म्हटलं की पोरं मागे लागायची, "जी जी बाई आली!" चाळ म्हणजे एका रांगेत खोल्या, पुढं सिमेंटचा अरुंद ओटा, वर पत्रा. मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. वर हातभर फट. कोणाकडे बांगडे तळले, कोणाचं भांडण झालं, कोण झोपेत बडबडलं, सगळं त्या फटीतून सगळ्यांच्या घरात. एका बाजूला आबा आणि आजी, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि त्यांचे मालक. वहिनींचे मालक दुधाच्या केंद्रावर होते. उजाडायच्या आधी त्यांना घर सोडावं लागे.

अशा चाळीत माझी पोरगी जन्मली. माहेरी आई नव्हती, भावजयीनं बोलावलं नाही, म्हणून बाळंतपण इथंच.

दिवसा पोरगी लाकडासारखी झोपायची. मी हात लावून श्वास बघायची, इतकी. आणि चाळीतले दिवे मालवले की हिचे डोळे टक्क उघडे. बरं, रोज जागी राहील तर तेही अंगवळणी पडेल. तसंही नाही. एखाद्या रात्री अशी झोपायची की मला वाटायचं, सुटले. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. पोटाला हिंग लावला, ओव्यानं शेकलं, साडीची झोळी बांधली, मीठमिरची ओवाळली. प्रत्येक उपाय एकदा लागू पडला आणि पुन्हा म्हणून पडला नाही. कालची रात्र चांगली गेली की आजची कशी जाईल याची धास्ती, आणि वाईट गेली की पुढची याहून वाईट जाईल याची.

ती रडली की पलीकडून भिंतीवर एक थाप पडे. फार जोरात नाही. पण त्या थापेनं मला घाम फुटायचा.

यांचं काम होतं प्रेसवर. लोखंडी पत्र्याचा तुकडा ठेवायचा, हात काढायचा, पायानं दाबायचं. ठेवायचा, काढायचा, दाबायचं. दिवसभर हेच. हात निघायच्या आधी पाय पडला की बोट गेलं. यांच्या कंपनीत तशी माणसं होती, चहाचा कप तीन बोटांत धरणारी. लग्न झाल्या झाल्या यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. पोरगी झाल्यावर मात्र मला ते हसणं आठवलं की कसंतरी व्हायचं. रात्रभर जागं राहिलेला माणूस सकाळी त्या मशीनपुढं उभा राहतोय.

एका संध्याकाळी हे बोटाला पट्टी बांधून आले. नख गेलं होतं. बोट वाचलं होतं.

"डुलकी लागली," हे म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाले, "तू असं कर, लेकरू घेऊन गावाला जा. झोपायला लागली की मी येऊन आणतो."

यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण "आणतो" या शब्दाला मी घाबरत होते. माझ्या मावशीला असंच "आणतो" म्हणून गावाला ठेवलं होतं. ती तिथंच म्हातारी झाली. माझं तर माहेरचं दार लागलेलं, आणि सासरी थोरल्या दिरांचं घर, जाऊबाईंचा संसार. तिथं तान्ही पोर घेऊन मी कोणाच्या भरवशावर राहणार? हे मी बोलले नाही. नुसती म्हणाले, "थोडे दिवस बघू. मी तिला रात्री बाहेर घेऊन बसते. तुम्ही झोपा."

त्याच रात्री मी पोरीला छातीशी धरून ओट्यावर आले. ती रडतेय, मी रडतेय. आबा समोरून चालत आले आणि त्यांनी हात पुढे केले.

"दी हंय."

मला कळेना. "काय जी?"

"दी हंय! रातपाळी माझी!" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की टेकडीखालचं कुत्रं भुंकलं. पलीकडून वहिनींचा आवाज आला, "ओ आबा, हळू की हो! माणसं झोपलीत!"

आबांना ते ऐकू गेलं नाही. आबांना काहीच ऐकू जायचं नाही. साचेखात्याच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते. म्हणून बोलणंही असं, पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाशी बोलावं तसं.

दे इकडे, एवढंच ते म्हणत होते. मी पोरगी दिली. खरं सांगायचं तर हात इतके दुखत होते की कोणालाही दिली असती. आबांनी तिला खांद्यावर टाकलं, तिच्या पाठीवर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "रडता. बरा जोरान रडता." त्यांना ते हाताला कळत होतं. "रडांदे तिका किती रडता ती. माका आयकाक येणा नाय. तू जा, निज."

एवढ्या चाळीत तो एकच माणूस होता ज्याला माझ्या पोरीच्या रडण्याचा त्रास होत नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिथंच ओट्यावर बसून पुन्हा रडले. आबा चिडले. "कित्याक रडतंस? एका वेळाक एक रडा!"

त्या रात्री मी उंबऱ्यातच भिंतीला टेकून झोपले. किती वेळ, माहीत नाही. जाग आली ती आबांच्या आरोळीनं. "निजला! गो बाय, निजला! चेडू निजला!"

झालं. चेडू उठलं. चेडवाबरोबर निम्मी चाळ उठली.

आबांचा चेहरा असा पडला की मला हसू आलं. आणि हे पुढंही दोनतीनदा झालं. पोरगी निजली याचा त्यांना इतका आनंद व्हायचा की तो पोटात मावायचा नाही. शेवटी आजींनी सांगितलं, "गो, तेंका खुणेन बोलाक सांग. गिरणीत असाच बोलत."

साचेखात्यात कोणाचं कोणाला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथली माणसं ओठ बघून आणि हातानं बोलायची. आबांनी मला ते शिकवायला सुरुवात केली. दोन बोटं जुळवून फटकन वेगळी केली की धागा तुटला. मिशी पिळल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे खात्यातला साहेब, येतोय. पंजा आडवा धरून हळू खाली नेला की साचा बंद. आम्ही त्याचा आमचा अर्थ लावला. धागा तुटला म्हणजे पोरगी जागी झाली. साचा बंद म्हणजे निजली. आणि वहिनींच्या मालकांनी कडी काढल्याचा आवाज आला की मी घाईघाईनं मिशी पिळायची. मग आबा पोरीला घेऊन पार नळापर्यंत जायचे आणि तोंड दुसरीकडे करून उभे राहायचे, जसं काही ते पोर त्यांचं नव्हेच.

आता तुम्हाला वाटेल, आबांच्या हाताला काही गुण असणार. मुळीच नाही. त्यांच्याकडेही पोरगी एक रात्र झोपायची, तर एक रात्र केस ओढायची. ते पायानं ओट्यावर ठेका धरायचे, साच्याचा, खटक खटक खटक, आणि तिला त्या ठेक्यावर हलवायचे. कधी दहा ठोक्यांत मान टाकायची. कधी तासभर तोच ठेका आणि बाईसाहेब चांदण्या बघतायत. आजी आतून म्हणायच्या, "ह्यांनी जल्मभर रातपाळी केली. माझ्या बाजूक कधी निजले नाय, ते तुझ्या चेडवाक काय निजवतले!" आजी दिवसा मुलुंडला दोन घरचं जेवण करायला जायच्या, त्यांना झोप हवी असायची. असं बोलून त्या लगेच घोरायलाही लागायच्या.

फरक होता तो एवढाच की आबा वैतागायचे नाहीत. मी म्हणायची, हातवारे करून, की आबा, आत्ताच तर निजली होती, पुन्हा कशी उठली? आबा दोन बोटं फटकन वेगळी करायचे आणि आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणायचे, "धागो तुटलो. परत सांधूक होयो. साच्यार रागावान काय उपेग?"

मी रागवायचीच. तिच्यावर, यांच्यावर, आणि सगळ्यात जास्त मला स्वतःवर. आबांकडे बघितलं की तो राग जरा खाली बसायचा. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी खोकायचं आणि पुन्हा काळजी.

कारण चाळ काही बहिरी नव्हती. आबा पोरीला घेऊन फिरत असले तरी रडणं ते रडणंच. यांची झोप थोडी सुधारली, पूर्ण नाही. एका सकाळी वहिनींचे मालक यांना नळावर गाठून म्हणाले, "हे बघा, तुमचं लेकरू आहे, मला समजतं. पण मला पहाटे गाडीवर क्रेट उचलायचे असतात. महिनाअखेर खोलीमालक घाटकोपरवरून येईल तेव्हा मी त्याच्या कानावर घालणार. मग मला बोलू नका."

खोली आमची नव्हती, भाड्याची. मालकानं जा म्हटलं की जायचं. हे घरात आले आणि ट्रंकेतून माझी जुनी पिशवी काढून बाहेर ठेवली.

"खोलीमालक यायच्या आत तू गावाला गेलीस की विषयच संपतो," हे म्हणाले. "रविवारी तिकीट काढतो."

मी पिशवीकडे बघत राहिले. दिवसभर काय केलं आठवत नाही. संध्याकाळी आजी घरी आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी आबांना सांगितलं, म्हणजे ओठ हलवून आणि हातानं. पिशवी भरायची खूण, मग लांब जायची. आबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना नीट समजलं नसेल.

त्या रात्री पोरगी वाईट रडली. तिलाही कळलं होतं की काय. आबांनी हात पुढे केले, नेहमीसारखे, पण वाक्य बोलले नाहीत. ठेका धरला, सोडला. येरझाऱ्या घातल्या. मग अचानक ओट्याच्या मधोमध थांबले, पायातल्या वहाणा काढल्या, पोरीला एका खांद्यावर घट्ट धरलं, दुसरा हात कपाळाला लावला आणि त्यांच्या त्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

मी दचकले. मला वाटलं, भांडण सुरू झालं. हे आत उठून बसले.

"आज ह्या भांडुपच्या डोंगरार, ह्या परमुलखातल्या लेकराक झोप येणा नाय म्हाराजा!"

आबा थांबले. आणि रांगेतल्या टोकाच्या कुठल्यातरी खोलीतून, झोपेत जड झालेला आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

मला काही कळेना. नंतर समजलं की कोकणात देवापुढं असं गाऱ्हाणं घालतात. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्यात आपला शब्द घालायचा. लहानपणापासून ऐकलेलं. ते कानावर पडलं की तोंडातून आपोआप येतं, जागं असो की झोपेत.

"तेचो बापूस मशनीत हात घालता, तेच्या धाय बोटांची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दोनतीन खोल्यांतून.

"तेची आवस रडान रडान अर्धी झाली. तिका संसार मोडून गावाक धाडूची येळ हाडू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बायकांचे आवाज होते. आजींचा होता.

"आणि जो कोण हेंच्या वायटार असात, तेका तू चांगली बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज सगळ्यात जवळून आला, सगळ्यात मोठा, अगदी मनापासून. वहिनींच्या मालकांचा. मग त्यांच्याच खोलीतून वहिनींचं हसू फुटलं, तोंडात पदर कोंबल्यासारखं, आणि वरच्या फटीतून ते सगळ्या चाळभर पसरलं.

आबांना यातलं काहीही ऐकू गेलं नव्हतं. प्रत्येक ओळीनंतर ते थांबत होते ते सवयीनं. त्यांच्या हिशेबी ओट्यावर ते, एक रडणारं पोर आणि देव, एवढेच होते. गाऱ्हाणं संपवून त्यांनी वहाणा घातल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. तोंडाकडे बोट नेलं, दारांकडे दाखवलं. आबांनी ओठांनीच विचारलं, कोण? मी एक दार दाखवलं, मग पुढचं, मग पुढचं, सगळी रांग. आबा त्या बंद दारांकडे बघत राहिले. मग त्यांनी घाईघाईनं तोंडातली विझलेली विडी काढून कानावर ठेवली, वडीलधारं कोणी आल्यावर ठेवावी तशी.

पोरगी? ती पहाटेपर्यंत रडली.

पण सकाळी नळावर वहिनींचे मालक यांच्याशी बोलताना मी ऐकलं. माझ्या यांच्याशी ते नेहमी साधं मराठी बोलायचे, त्या दिवशी चिडून गावच्या बोलीवर आले. "गाऱ्हाण्याक व्हय म्हटलंय. मगे आता मालकाकडे खंयच्या तोंडान जाव? त्या म्हाताऱ्यान बरोबर फसवल्यान माका!" मागून वहिनी म्हणाल्या, "फसवलं कुठं? तुमचाच आवाज सगळ्यात मोठा होता." घरात येऊन हे मला म्हणाले, "पिशवी ठेव आत." एवढंच. पण संध्याकाळी येताना यांनी पोरीसाठी एक खुळखुळा आणला आणि तिकीट आणलं नाही.

खोलीमालक आला, भाडं घेऊन गेला. कोणी काही बोललं नाही. उलट वहिनी दुपारी येऊन पोरीला घेऊन बसायला लागल्या. "हिला दिवसा जागी ठेवायला हवी गं," म्हणायच्या आणि तिच्याशी इतक्या गप्पा मारायच्या की पोरगी थकून जायची. भिंतीवर थाप पडायची थांबली. रात्री ती रडायची तेव्हा मला घाम येई, अजूनही येई, पण आता पलीकडून आवाज यायचा तो, "आबा, पाणी हवं का?" हे विचारणारा. आबांना ऐकू जायचं नाही. मीच सांगायची, नको जी.

मग एक रात्र आली. मला जाग आली तेव्हा पत्र्याच्या भोकांतून उजेड येत होता. मी धडपडत उठले. माझा पहिला विचार काय असेल, आयांना सांगायला नको. हात लावला. पोरगी ऊन होती, श्वास चालू होता, ओठ चोखत होती. सबंध रात्र झोपली होती. हे झोपले होते. मी झोपले होते.

दार उघडलं तर ओट्यावर आबा बसलेले. रात्रभर बसलेले असावेत, अंगाभोवती चादर होती. मला बघून ताडकन उठले.

"काय झाला गो? चेडू बरा आसा मां? हाक नाय मारलंस ती?"

मी सांगितलं. झोपली, आबा. रात्रभर. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. "बरा झाला," म्हणाले. "बरा झाला, बरा झाला." मग आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि ते कुठं ठेवावे हे न सुचल्यासारखे नळाकडे गेले. तो टपकत नव्हता. तरी त्यांनी आवळला.

त्यानंतरही पोरीनं अधूनमधून रात्र मोडली. पण कमी, आणखी कमी. आबा मात्र रोज वेळेवर ओट्यावर. मला ते आतून दिसायचे. कधीकधी वाटायचं, हिला मुद्दाम चिमटा काढावा आणि द्यावं नेऊन. तुम्ही हसाल. पण त्या माणसाला नुसतं चालताना बघणं मला सोसायचं नाही. मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसायची. ते मला हाकलायचे. "निज जा. झोप गावली तर निजाचा."

आणि एका सकाळी आजी माझ्या दारात आल्या. डोळे लाल, केस विस्कटलेले. मी घाबरले.

"काल हे निजले," आजी म्हणाल्या. "रात्री. माझ्या बाजूक."

"मग चांगलंच झालं की आजी!"

"काय चांगला? मी रातभर जागी! लग्नापासून कधी बघूक नाय गो असा. मेल्यासारखे निजले. मी सारखी नाकाकडे हात लावतंय, श्वास चलता काय बघतंय." आणि आजी माझ्या उंबऱ्यात बसून हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत. मी त्यांना चहा दिला आणि आमच्या खाटेवर त्या दुपारपर्यंत झोपल्या, पोरीच्या शेजारी.

पुढच्या वर्षी आबांनी खोली सोडली. गावचं घर पडायला आलं होतं, आणि गिरणीची आशा कोणाला उरली नव्हती. कोकणची गाडी दिवेलागणीनंतर हमरस्त्यावर थांबायची. सगळी चाळ सामान घेऊन टेकडी उतरून गेली. वहिनींच्या मालकांच्या डोक्यावर आबांची ट्रंक होती. मी मागे राहिले होते, पोरगी चालत यायचा हट्ट करत होती, तिच्या पावलानं आम्ही उतरलो. वाटेत मी मनात शब्द जुळवत होते. आबा, तुम्ही होता म्हणून मी या मुंबईत राहिले. एवढंच म्हणायचं होतं, पण त्यांना ओठ वाचता येतील असं, हळू, एकेक शब्द. तोवर कधी म्हटलं नव्हतं. अशा माणसांना आपण म्हणत नाही; ती रोजचीच असतात.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं चढून बसली होती. आबा खिडकीशी होते. दिवसभर सामान बांधून दमले असतील. आजींच्या खांद्यावर मान टाकून, तोंड जरा उघडं, गाढ झोपले होते. गाडीत पोरं रडत होती, कंडक्टर ओरडत होता, टपावर पेट्या आदळत होत्या.

मी पोरीला उचलून खिडकीशी धरलं. तिनं हाक मारली, "आबा!" हाकेनं ते उठणार नव्हतेच. तिचा हात त्यांच्या बाहीपर्यंत पोचत होता.

आजी म्हणाल्या, "हात लाव, उठतले. उठवू काय?"

मी पोरीचा हात मागे घेतला. "नका उठवू जी. झोपू द्या."

आजींनी खांदा जरा वर केला, त्यांची मान नीट बसावी म्हणून. गाडी सुरू झाली, सगळ्या काचा थरथरल्या. आबांचं डोकं एकदा हललं आणि पुन्हा तिथंच टेकलं.